सात डाग, सीलबंद

— न्हाय, तसं न्हाय पाव्हणं, तुम्ही विचारलं म्हणून सांगते, न्हायतर माझं काय जातंय. टीव्हीच्या आवाजाला सुटा सेट चांगला की एकपेटी चांगला, हेच विचारायला येडशीहून गाड्या बदलत नळदुर्गला आलात ना? मग ऐकून घ्या. एकपेटी. ही समोर आहे ती. लांब पट्टी टीव्हीखाली ठेवायची, वूफर कोपऱ्यात सारायचा, एक वायर जोडली की झालं. सुट्याला काय काय लागतं माहितीय? ॲम्प वेगळा, पाच स्पीकर वेगळे, वूफर वेगळा — सात डाग, सात जागा. अन् तुमची खोली केवढी? दहा बाय बारा. वर पत्रे. मागचे दोन स्पीकर कुठं टांगणार, आईच्या देव्हाऱ्यावर? हसताय काय, मी चार वर्षं चेन्नईला हेच शिकलेय, आवाज खोलीत कसा फिरतो ते. पत्र्याखाली पाच स्पीकर लावले तर सिनेमा ऐकू येत न्हाय, पत्रा ऐकू येतो. काय? तुमच्या मामांना मीच सुटा घ्या म्हणाले होते? म्हणाले असेन. त्यांचा हॉल मोठा आहे. अन् सुटा चांगलाच असतो, कोण न्हाय म्हणतंय — एक बिघडलं तर तेवढंच बदलायचं, बाकीचं चालू. पण तो नवा असेल तर. तुम्हाला मिळणारा नवा आहे का?

सीलबंद म्हणजे नवा, असं कुणी सांगितलं? तुमच्या होणाऱ्या सासूबाईंनी, हरणाबाईंनीच सांगितलं असणार. 'सुटा सेट घरात सीलबंद पडलाय, तोच पोरीच्या आंदणात देतो, न्हाय आवडला तर सुनेच्या माहेरचंच दुकान आहे, बदलून घ्या' — असंच ना? सून म्हणजे माझी ताई, अनसूया. सहा वर्षांखाली तिच्या लग्नात इथूनच गेलेला सेट आहे तो, लोहाऱ्याला. सहा वर्षं उघडला न्हाय. का उघडला न्हाय? कारण उघडला की तो वापरलेला झाला, अन् वापरलेला पोरीच्या आंदणात मांडता येत न्हाय. सून उंबरा ओलांडून आत आली त्याच दिवशी नणंदेच्या लग्नाची तयारी सुरू! सात पेट्या भिंतीला रचून ठेवल्यात, दसऱ्याला कुंकू लावतात. पूजा झाली सहा वेळा, आवाज ऐकला न्हाय एकदाही. आतले रबर सुकले असतील, ॲम्पचे भाग वाळले असतील, लावला की धूर निघायचा. तुम्ही म्हणताय तुम्हाला कळतं त्यातलं, आयटीआय केलंय. मग तर कळायलाच पाहिजे.

काय बघताय — पाटी? व्हय, मीच लावलीय. 'आंदणाचं सामान इथं मिळणार नाही.' शिकून परत आले त्याच आठवड्यात लावली. आमचे वडील, अप्पा, दोन दिवस जेवले न्हाईत, म्हणाले, माझं दुकान बुडवायलाच शिकून आलीस व्हय? पण काढली न्हाय त्यांनी. मे महिन्यात लोक येतात, वाचतात, अन् पलीकडच्या दुकानात जातात. जाऊ द्यात. मांडवात जावयाच्या माणसांनी बोटांवर डाग मोजायचे, सासऱ्यानं कोपऱ्यात उभं राहून घाम पुसायचा — तसल्या लग्नाला माझ्या दुकानातली साधी पिनसुद्धा जाणार न्हाय. व्हय व्हय, आज तुम्हाला आंदणातच देतेय, कळतंय मला. हसा. तुमचा हसायचा दिवस आहे.

तर ऐका. हा एकपेटी तुम्ही आज घेऊन जा. त्या सात पेट्या आमचा टेम्पो लोहाऱ्याहून उचलून आणेल, जशाच्या तशा, वरचा फरक एक रुपया घेणार न्हाय. का म्हणजे? नातं आहे म्हणून. दुकानदार असं करत न्हाय? मग नका समजू दुकानदार. पण लग्नाआधी पेट्या उघडायच्या न्हाईत, एवढंच — काय? रविवारी? उघडून, जोडून, ऐकून बघणार अन् मग ठरवणार? कशाला? मुलगी बघायला गेलात तेव्हा तरी एवढी तपासणी केली होती का? न्हाय, रागावत न्हाय मी. मी कशाला रागावू. आत्ताच म्हणाले ना, सहा वर्षांचा सेट बिघडलेलाच असणार, मग ऐकायचंय काय त्यात? उगाच त्यांच्या घरात पसारा, पाहुणेरावळे यायचे दिवस — काय, एक पेटी उचलून बघितली? हरणाबाईंनी हात लावू दिला? मग? खडखडली? वाटेत हलली असेल, आतली फरशी सुटली असेल —

स्पीकर म्हणाले मी. स्पीकर.

न्हाय. बरोबर ऐकलंत. फरशी.

शहाबादी फरशीचे तुकडे आहेत आत. जुन्या लुगड्यांत गुंडाळलेले. अप्पांनी खऱ्या सेटची एकेक पेटी काट्यावर ठेवून वजन बघितलं, अन् तेवढ्याच वजनाची फरशी छिन्नीनं फोडून रिकाम्या खोक्यात भरली. वूफरच्या पेटीत तेवढा खरा वूफर आहे, जळका. बोलणीत सात डाग ठरले होते, अप्पांनी सात डाग दिले. फसवलं? व्हय, फसवलं. म्हणा ना मोठ्यानं. पण का, ते विचारा. त्याच जूनमध्ये माझं चेन्नईचं कॉलेज होतं. एकीचा सेट न्हायतर दुसरीचं शिक्षण, दोन्ही जमत नव्हतं. ताई म्हणाली, श्रियाला पाठवा. खोक्यांना चिकटपट्टी ताईनं लावली, स्वतःच्या हळदीच्या आदल्या दिवशी, दातानं तोडून तोडून. अन् मी शेजारी बसून माझी बॅग भरत होते. मला माहीत होतं. सगळं माहीत होतं मला. म्हणजे मघापासून तुम्हाला जे शिकवतेय ना, आवाज कसा फिरतो अन् पत्र्याखाली काय होतं, ते सगळं त्या पेट्यांतूनच काढलेलं आहे. अन् परत येऊन मी पाटी लावते! पाटी लावायला काय लागतं, रंगाचा डबा. ती तिकडं रोज उठून त्या पेट्या पुसते. कुणी पेटीला टेकून बसलं तरी चहाचं निमित्त काढून त्याला उठवते. दाजी वाईट न्हाईत, पण आईपुढं त्यांचं तोंड उघडलेलं मी तरी बघितलं न्हाय. पेट्या रविवारी तुमच्यासमोर, पाहुण्यांसमोर उघडल्या तर ताईला त्या घरात कुणी ठेवील का? म्हणून म्हणतेय, पाव्हणं, एकपेटी घ्या. हवं तर पाया पडते.

काय म्हणालात?

पुन्हा बोला. — पेट्या उघडणार न्हाय, कुणाला सांगणार न्हाय, पण एकपेटीसोबत तो भिंतीवरचा टीव्ही पण पाहिजे. मोठा. अस्सं. 'घरचंच माणूस समजा' — व्हय, समजले. लगेच समजले. अन् पहिल्या संक्रांतीला काय मागाल? बारशाला? ताईच्या नणंदेला तुमच्या घरात ओरडायची चोरी, माझ्या ताईला तिच्या घरात श्वास घ्यायची चोरी, अन् तुम्ही मधोमध बसून नवीन टीव्ही बघणार. आयटीआयला हे पण शिकवतात का? हात खाली करा. बोट नका दाखवू. मी न्हाय घाबरत — खोटं कशाला बोलू, घाबरले. टीव्हीच्या प्लगकडं माझा हात गेला होता, बघितलात की तुम्ही. आणखी थोडं गोड बोलला असतात तर काढून दिला असता मी.

बसा. जायचं न्हाय. हे तुम्ही ठरवायचं न्हाय, अन् मी पण न्हाय — माझ्यासाठी तिनं एकदा ठरवलं, तिच्यासाठी मी कोण ठरवणार? फोन लावते. तुमच्यासमोरच लावते.

ताई? मी. ऐक, तुमच्या होणाऱ्या जावयांना कळलं. माझ्याच तोंडून गेलं. न्हाय, रडत न्हाय. गप्प राहायला टीव्ही मागतायत. देऊ का? तू म्हण, आत्ता काढून देते. ... हां. ... ताई, थोडं थांबतेस का, मी निघते, तासाभरात पोचते, मग दोघी मिळून — ... बरं. ... बरं, ताई.

टीव्ही द्यायचा न्हाय म्हणाली. सासूबाई समोरच बसल्यात, दाजी जेवतायत, आत्ताच सांगते म्हणाली. फोन ठेवला न्हाय तिनं, चालूच आहे. तुमच्याबद्दल? तुमच्याबद्दल एक शब्द न्हाय काढला. न्हाय, आता तुम्हाला काही बोलायचं न्हाय, अन् मलाही न्हाय. खुर्ची ओढू नका. 'आत्या, जरा हातातलं ठेवा' म्हणाली ती सासूबाईंना — गप्प बसा, पाव्हणं. मला ऐकू द्या.