खालच्या गावचा ठेका

बोंगर्ये: हे जाडं पुस्तक नको, भावजी. जांग्गू ढोल कुठून आला, कुठल्या राजापुढे वाजला, यातच निम्मं संपलंय. मला सणाच्या पौर्णिमेला वाजवायचाय.

तेदोक: अहो वहिनी, विद्यापीठातल्या मोठ्या माणसानं लिहिलंय.

मालसुक: मग त्यालाच पाठवा. ढोल अंगाला बांधून नाचू दे आमच्या बांधावरून.

तेदोक: मालसुकबाई, तुम्ही शेगडीपाशी बसा, सातूचा चहा घ्या. दुकानात तुम्ही आलात की गिऱ्हाईक पळतं.

मालसुक: गिऱ्हाईक आहे कुठे? आम्ही दोघी म्हाताऱ्या. आणि हिच्या नादानं माझी बस चुकणार.

बोंगर्ये: चुकू दे. आज पुस्तक घेतल्याशिवाय मी उठत नाही.

तेदोक: एवढी घाई कशाला? चिलबोकदादा आत्ता शरदात वारले. या वर्षी राहू दे, पुढच्या वर्षी बघा.

बोंगर्ये: पुढचं वर्ष नाही मिळायचं. आमच्या गावात जांग्गू वाजवणारे आमचे हेच शेवटचे. गावप्रमुखानं सांगून टाकलंय, या पौर्णिमेला पुलावर जांग्गू वाजवायला कुणी उभं राहिलं नाही, तर गावाचं निशाण संग्रहालयाला द्यायचं.

मालसुक: काचेच्या कपाटात ठेवणार. वर पाटी लावणार, हात लावू नये.

तेदोक: असं बोलला तो? कालचा पोरगा!

बोंगर्ये: बोलला, आणि एकही जण पुढे आला नाही. मी म्हटलं, मी वाजवते. तर हसले.

मालसुक: मीपण हसले. खोटं कशाला बोलू.

तेदोक: मग वहिनी, पुस्तकाच्या मागे का लागताय? मी आहे ना. मी पितळी थाळी वाजवतो, पण जांग्गूही येतो मला. तो बघा, भिंतीवर टांगलाय. रोज बाजारात येताच तुम्ही, तासभर इथे बसा. फुकट शिकवतो.

बोंगर्ये: तुम्ही वरच्या गावचे.

तेदोक: ढोलाला काय कळतं, वरचं आणि खालचं?

बोंगर्ये: हाताला कळतं. तुमच्यापाशी शिकले तर तुमचा ठेका अंगात बसेल. मग दोन्ही गावं निशाणं घेऊन पुलावर एकमेकांची वाट अडवायला आली, तरी दोन्हीकडून एकच गाव वाजेल. म्हणून पुस्तक हवं.

तेदोक: बरं. मानी आहात. हे बघा. फोटो आहेत, प्रत्येक ठोक्याला खूण आहे. गोल म्हणजे डाव्या हाताचा कुंग, उभी रेघ म्हणजे उजव्या काडीचा ता, दोन्ही एकत्र आले की तोंग.

बोंगर्ये: हे छान आहे. पण ही सगळी माणसं बसलीत.

तेदोक: रंगमंचावर बसूनच वाजवतात हल्ली.

बोंगर्ये: आणि मी पुलावर बसून वाजवू? दोन्ही गावं थांबतील माझ्यासाठी?

मालसुक: बसलीस तर उठवणार कोण? तुझे गुडघे!

बोंगर्ये: ते लाल पुस्तक काढा. त्यावर आपल्या तालुक्याचं नाव आहे. हे आहे ते सांगायचं सोडून जगभरची पुस्तकं दाखवताय!

तेदोक: ते... ते काही खास नाही.

बोंगर्ये: आपल्या तालुक्याचं नाव छापलंय, आणि खास नाही? द्या इकडे. हे बघ मालसुक, माणसं उभी आहेत. ढोल अंगाला बांधलाय. हेच घेते.

तेदोक: घ्या तर घ्या.

बोंगर्ये: थांबा, वाचून बघते. तोंग, तोंग, कुंग ता कुंग. तोंग, तोंग, कुंग ता कुंग...

मालसुक: काय गं हे? सरळ रस्त्यानं चालल्यासारखं?

बोंगर्ये: जसं लिहिलंय तसं म्हणतेय.

मालसुक: चिलबोक असं वाजवायचा? तो शेवटच्या कुंगच्या आधी थांबायचा. चिखलातून पाय उपसल्यासारखा. वरच्या गावची पोरं लंगडा ठेका म्हणून चिडवायची आपल्याला. हे तर ह्यांचंच वाजणं आहे!

बोंगर्ये: भावजी?

तेदोक: ...हो. शहरातून लोक आले होते ठेका लिहून घ्यायला. आमच्याकडे आले, आम्ही वाजवला. तुमच्याकडे आले, तेव्हा तुमची भाताची लावणी चालू होती. चिलबोकदादांनी त्यांना पोटभर जेवू घातलं आणि ठेक्याऐवजी रोपं हातात दिली. मग पुस्तकात गेला तो आमचा ठेका, आणि वर नाव पडलं तालुक्याचं.

बोंगर्ये: तुम्हाला ठाऊक होतं. तरी विकत होतात.

तेदोक: होतो. खरं सांगू? मला वाटलं, कसा का होईना, खालच्या गावचा जांग्गू वाजू दे. तुमचं निशाण आलं नाही, तर आम्ही पुलावर जाऊन काय करायचं? वाट कुणाची अडवायची? नदीची?

बोंगर्ये: तसा वाजणार असेल, तर निशाण कपाटात गेलेलं बरं.

मालसुक: झालं. चल आता, बस येईल.

बोंगर्ये: बस खाली. भावजी, मी लग्न होऊन आले तेव्हापासून वादकांचा भात मीच शिजवला. बायकांनी ढोलाला हात लावायचा नाही, कान लावायला कुणी अडवलं नव्हतं. ऐका. तोंग, तोंग, कुंग ता... कुंग.

तेदोक: ...तोच आहे. अगदी चिलबोकदादा.

बोंगर्ये: तेव्हा ठेका मला कुणी शिकवायला नको. मला हात शिकायचेत. काडी कशी धरायची, मनगट कुठे सैल सोडायचं, ढोल बांधायचा कसा. एवढंच असलेलं पुस्तक आहे का?

तेदोक: आहे एक. पण तुम्हाला राग येईल. शाळेच्या मुलांचं आहे. कव्हरवर ससा आहे.

मालसुक: ससा! पौर्णिमेला शोभेल.

बोंगर्ये: अक्षरं मोठी आहेत. चांगलं आहे. आणि ठेके?

तेदोक: एकही नाही. नुसते हातांचे धडे, आणि शेवटी बांधण्याची चित्रं. तुमच्या ठेक्याला धक्का लावेल असं काहीच नाही त्यात.

बोंगर्ये: हेच बांधून द्या. नाही, थांबा, बांधू नका. तो भिंतीवरचा जांग्गू काढा खाली.

तेदोक: आत्ता? दुकानात?

बोंगर्ये: घरी ह्यांचा जांग्गू आहे, पण तिथे चूक कळायला कुणी नाही. मालसुक, तो पट्टा इकडे दे. हा खांद्यावरून... हा कमरेला...

(जांग्गू घरंगळतो. मालसुक तो पोटाशी धरते.)

तेदोक: वहिनी, तुम्ही तो उलट्या...

बोंगर्ये: सांगू नका! चित्रात बघू द्या. हं. ही मुलगी माझ्याकडे तोंड करून उभी आहे. म्हणजे तिचा डावा तो माझ्या... कळलं. मालसुक, सोड. पट्टा फिरवते.

मालसुक: बस गेली बघ.

बोंगर्ये: पान मिटतंय सारखं. भावजी, जरा धरा ते समोर. माझे दोन्ही हात गुंतलेत.

तेदोक: मी? वरच्या गावचा माणूस?

बोंगर्ये: पान धरायला कुठलाही चालतो.

तेदोक: धरलं. आता ती गाठ जरा...

बोंगर्ये: बोलू नका. नुसतं धरा.