वीरचं वर्ष वाया

नाही, मला सांगा, चार वर्षंही पूर्ण न झालेल्या पोरानं दहापर्यंत पाढे म्हणून दाखवायची काही गरज होती का? तेही हेडटीचरसमोर, त्याला अजून काय काय जमत नाही हे सांगायला गेलो असताना!

तुम्हाला सांगते, आमचा वीर यायचा होता नोव्हेंबरात, आला ऑगस्टमध्ये. साखरेच्या पुड्याहून हलका... जगला, वाढला, सगळं खरं, पण अजून कोटाची चेन लावता येत नाही, चार पोरं जमली की कानांवर हात. आणि इथला, विलायतेतला नियम काय, तर ऑगस्टअखेर चार पूर्ण होतात ना, मग याच सप्टेंबरात शाळा! वेळेवर जन्मला असता तर पुढच्या वर्षी. म्हणून कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, अर्ज केला, बाबांनो, एक वर्ष थांबू द्या.

झालं. नागपूरहून आलेले माझे सासरे, अप्पा, यांचं उठता-बसता एकच, "सूनबाई, पोराचं वर्ष वाया जाईल." मी फोडणी घालतेय, वर्ष वाया जाईल. बसची वाट बघतोय, वर्ष वाया जाईल. अहो अप्पा, तीन महिने तो काचेच्या पेटीत होता, ते कुठल्या वर्षात धरायचे?

अर्जावर शाळेचं मत लागतं, त्या भेटीच्या दिवशी सुयश, माझा नवरा, ऑफिसात अडकला, म्हणून अप्पांना नेलं. हेडटीचर विचारतेय, वीर कसा आहे, मी तोंड उघडतेय, तोवर अप्पा, "वीर, मॅडमना पाढे म्हणून दाखव." घरी पाहुणे आले की करतात ना, तस्सं. आणि म्हटले हो त्यानं, श्वास न घेता! बाई खूश, "ओ, ही इज सो रेडी!" गेलं आमचं वर्ष.

तेवढ्यात बेल झाली, बाहेर पोरांचा लोंढा, आणि वीर जो अप्पांच्या कोटात शिरला... थरथर कापत होता. अप्पांनी त्याच्याभोवती कोट ओढून घेतला. मग म्हणाले, "मॅडम, वन इयर... प्लीज." मला रडूच आलं.

मिळालं हो वर्ष. पण अप्पांनी नागपूरला कळवलं काय? "आपल्या वीरची स्पेशल केस आहे, कौन्सिलनं मुद्दाम एक वर्ष जास्तीचं दिलंय, सगळ्यांना देत नाहीत!"

आता इल्फर्डहून माझ्या नणंदेचा, सीमाताईंचा, फोन. "आमच्या ईशानीला का नाही मिळालं, तू अर्जात लिहिलंस तरी काय?" ईशानी, त्यांची लेक... भरल्या दिवसांची, साडेतीन किलोची! पाठवला त्यांना आमचा अर्ज, काचेच्या पेटीतल्या तीन महिन्यांसकट.