ओट्यावर वाळलेला साबण

पेटी थांबवा जरा. तबलजी, तुम्हीही हात आवरा. आज चाल नको, आलाप नको. आज मला राग आलाय, आणि रागात सूर लागत नाही.

मंडळी, ऐका! आधी एक प्रश्न विचारतो, उत्तर लगेच देऊ नका. सांगणारा लहान असला, तर त्याचं सांगणंही लहान होतं का? हां? विहिरीत साप आहे हे पाटलानं सांगितलं तर खरं, आणि गुराख्यानं सांगितलं तर खोटं — असं असतं का? मान हलवताय सगळे. "नाही महाराज, नाही!" म्हणताय. वा! मंडपात बसल्यावर सगळेच शहाणे असतात हो. घरी गेल्यावर काय होतं, तेच आज सांगतो.

आजच्या आख्यानात राजा नाही, राणी नाही, शाप नाही, उःशाप नाही. आहे एक ओटा! ग्रॅनाइटचा ओटा, चार पायऱ्या, पुढं शहाबादी फरशीचं अंगण. एका तालुक्याच्या गावात, रेणुकानगर नावाच्या वसाहतीत हे घर. घर उंडाळे सरांचं. सर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. थोडंथोडकं नव्हे, बत्तीस वर्षं! आणि त्याच घरात रोज सकाळी भांडी घासायला यायची हौसाबाई. तीही बत्तीस वर्षं भांडीच घासत होती. आता सांगा, साबणातलं जास्त कुणाला कळतं? हसू नका! मी विनोद करत नाही.

तर सरांची एकसष्टी ठरली. पाहुणे येणार, होम होणार, संध्याकाळी कीर्तन होणार. सरांनी अंगणाकडं पाहिलं — फरशीवर शेवाळ, पायऱ्यांवर काळे डाग, भिंतीवर धूळ. सर म्हणाले, "हे धुतलं पाहिजे." चांगला विचार आहे. स्वच्छतेला कोण नाही म्हणेल? सरांनी मशीन मागवलं. गाड्या धुतात ना वॉशिंग सेंटरवर, ते! बंदुकीसारखी नळी, चाप दाबला की पाणी असं सुटतं की भिंतीचा रंगच पळून जाईल!

मशीनबरोबर एक कागद आला होता. त्यात स्पष्ट लिहिलं होतं — यात भांड्यांचा साबण घालू नका. सरांनी तो वाचला का? अहो, शिकवणारी माणसं वाचत नाहीत, दुसऱ्याला वाचायला लावतात! आम्ही कीर्तनकारही त्यातलेच. सर स्वयंपाकघरात गेले, भांडी घासायच्या साबणाची हिरवी बाटली उचलली, लिंबाच्या वासाची, आणि अख्खी ओतली मशीनच्या टाकीत. चाप दाबला — आणि काय सांगू! फेस! भिंतीवर फेस, पायऱ्यांवर फेस, तुळशीवर फेस. अंगणात नुसता क्षीरसागर झाला, मंडळी! फक्त शेषशायी भगवंताच्या जागी लुंगी खोचलेले उंडाळे सर होते.

हसा, हसा. इथपर्यंत हसायचं आहे.

आता साबण लावला म्हणजे तो काढावा लागतो. पण त्या गावात नळाला पाणी येतं तिसऱ्या दिवशी! वरची टाकी साबण लावण्यातच निम्मी संपलेली. सरांनी धुवायला सुरुवात केली, अर्धं अंगण जेमतेम ओलं झालं, आणि मशीन फुर्र करून थांबलं. टाकी रिकामी! वर एप्रिलचं ऊन. दहा मिनिटांत सगळं वाळलं. आणि वाळलं ते कसं? चकचकीत! सर कमरेवर हात ठेवून उभे. बायकोला हाक मारली, "मंदा, बघ काय चमक आलीय!"

तेवढ्यात हौसाबाई भांडी आटपून बाहेर आली. तिनं चमक पाहिली नाही. ती वाकली, ओट्यावर बोट फिरवलं आणि म्हणाली, "सर, ही चमक न्हाई. साबण हाय."

"काय?"

"साबण ऱ्हायलाय वर. भांडं धुतल्यावर बोट फिरवलं की चर्र वाजलं पायजे. वाजत न्हाई तवर साबण हाय. ह्यो हिरवा तर लई चिवट. तीन पाणी लागत्यात. आता वाळलाय म्हून कळंना, पाणी पडलं की पुन्ना बुळबुळीत हुणार. म्या हापशावरनं आणते की चार घागरी, खराट्यानं वढून काढते."

ऐकलंत? काय मागत होती ती? काही नाही! स्वतः घागरी आणते म्हणाली, स्वतः घासते म्हणाली. आणि सर काय म्हणाले? "हौसाबाई, मी बत्तीस वर्षं केमिस्ट्री शिकवलीय. तू मला साबण शिकवतेस? पुन्हा पाणी मारलंस तर डाग पडतील. तू आपली भांडी बघ."

तू आपली भांडी बघ! या चार शब्दांत किती जणांचं तोंड बंद केलंय आपण, मोजलंय कधी?

बरं, उंडाळे सर वाईट माणूस नाही. हीच तर पंचाईत आहे! वाईट असते तर आख्यान सोपं होतं. गरिबाच्या पोरांना घरी बोलावून शिकवणारा माणूस. दिवाळीला हौसाबाईला लुगडं देणारा माणूस. लुगडं दिलं हो, पण कान नाही दिला.

दुसरा दिवस उजाडला. एकसष्टी! सकाळचं सगळं मागच्या दारी झालं, होमही तिकडंच. पुढचा ओटा राखून ठेवलेला, संध्याकाळच्या कीर्तनकारासाठी. आपली रीत काय? बुवा दारात आले की यजमानीण पाय धुते. परात येते, तांब्या येतो, हळदकुंकू येतं. मंदावहिनींनी सगळी तयारी ओट्यावर मांडली. हौसाबाईनं ती परात पाहिली. ती वहिनींना बाजूला घेऊन म्हणाली, "वहिनी, म्हाराजांचं पाय हितं नगा धुऊ. आत मोरीपाशी धुवा. हितं पाणी सांडलं की घसरंल."

वहिनी म्हणाल्या, "मोरीत? महाराजांचे पाय मोरीत धुवायचे? तुला काही रीतभात आहे का गं?"

झालं. दुसऱ्यांदा सांगितलं, दुसऱ्यांदा ऐकलं नाही.

आणि मग आले बुवा! काय त्यांचा थाट! डोक्याला फेटा, अंगावर उपरणं, गळ्यात हार, आणि पोट — पोट तर त्यांच्या आधी दोन पायऱ्या चढलेलं! लोक वाकून नमस्कार करतायत, बुवा डोळे अर्धे मिटून हात वर करतायत. बुवांना वाटतंय, आपण आता जमिनीवर नाहीच मुळी. ओळखलंत का कोण ते?

मीच! हे जे समोर उभं आहे, तेच ध्यान! मघाशी हसत होता ना सरांवर? आता माझ्यावर हसा. लाजू नका.

मी ओट्यावर चढलो. एक पाय परातीत ठेवला, एक बाहेर. मंदावहिनींनी तांब्या तिरपा केला. आणि खालून, पायरीच्या कडेनं, हौसाबाईनं आवाज दिला, "म्हाराज, थांबा! तिथं नगा उभं ऱ्हाऊ! खाली उतरा!"

मी ऐकलं. खोटं कशाला बोलू? शब्द न् शब्द ऐकला. आणि मी काय केलं? तिच्याकडं न बघता हात वर केला — हा असा! म्हणजे काय? म्हणजे, गप. मंत्र चाललेत, दिसत नाही का? माझे पाय पुजले जातायत, मध्ये बोलू नकोस.

पाणी पायावरून परातीत, परातीतून ओट्यावर. आणि मला लिंबाचा वास आला. खाली पाहतो तर अंगठ्याभोवती पांढरा फेस! वाळलेला साबण जागा झाला होता, मंडळी! बाहेरचा पाय सरकला. परात उडाली. मी गेलो मागं — चार पायऱ्या, ग्रॅनाइटच्या, आणि डोकं पहिलं! आज तुमच्यापुढं उभा आहे तो कुणामुळं? त्याच बाईमुळं! पन्नाशी उलटलेली बाई, वजन असेल चाळीस किलो, ती धावली आणि तिनं दोन्ही हात पुढं केले. हे पंचाण्णव किलोचं धूड तिच्या उजव्या हातावर पडलं. कट्! असा आवाज झाला. तो आवाज माझ्या कानात अजून आहे.

आता खरी ऐकायची गोष्ट. चाळीस माणसं धावली. कुणाकडं? "महाराज, लागलं का? महाराज, पाणी आणू? महाराज, खुर्ची!" उंडाळे सर तिला म्हणाले, "अगं, मध्ये कशाला आलीस?" आणि मी? तिच्या अंगावरून उठल्यावर माझा पहिला शब्द काय होता, ठाऊक आहे? "फेटा!" माझा फेटा कुठं पडला, हे विचारलं मी!

थू आहे माझ्यावर!

मग मी कीर्तन केलं. दोन तास! विषय होता, प्रत्येक जिवात देव आहे. माणसं रडली. टाळ्या पडल्या. "महाराज, एवढं पडून-झडूनही काय रंगवलंत!" म्हणाले. मग पंगत बसली, मी जेवलो, दोनदा बासुंदी घेतली. आणि मागच्या मोरीपाशी हौसाबाई उजव्या हाताला फडकं गुंडाळून डाव्या हातानं पंगतीची ताटं घासत होती. देवाच्या नावानं सांगतो, ते मला त्या दिवशी माहीतही नव्हतं. माहीत नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं.

हे कळलं दोन महिन्यांनी. त्याच वसाहतीत पुन्हा कीर्तन ठरलं, उंडाळे सर भेटायला आले. मी सहज म्हटलं, "त्या बाई कशा आहेत?" सरांची मान खाली गेली. म्हणाले, "ती आता येत नाही. त्या रात्री मोडक्या हाताला फडकं गुंडाळून ताटं घासत बसली, हात तिरपा जुळला. महाराज, साबणात तसा दोष नव्हता, माझं प्रमाण चुकलं." प्रमाण! अहो सर, प्रमाण साबणाचं नाही चुकलं, माणसाचं चुकलं! असं मी ओरडलो त्यांच्यावर. पण ओरडताना मला माझाच वर केलेला हात दिसत होता. म्हणून उठलो आणि तिच्या घरी गेलो.

बाजारतळाच्या मागं पत्र्याचं घर. हौसाबाई दारात बसली होती. मी तिच्या पायाशी वाकायला गेलो तर ती मागं सरकली. म्हटलं, "बाई, माझ्यामुळं तुमचा हात गेला."

ती म्हणाली, "म्हाराज, भांडं एका हातानं धरायचं आन् एका हातानं घासायचं आस्तं. डाव्यानं घासाया शिकले म्या. पन धरायला हात न्हाई. पातेलं गोल गोल फिरतंया नुसतं. पाच घरं सुटली."

मी म्हटलं, "मला क्षमा करा."

तिनं मोडका हात मांडीवर घेतला. मग म्हणाली, "हात मोडल्याचं दुःख न्हाई एवढं. तुमी डोक्यावर पडला असता तर जीव गेला आसता, त्यापरीस हात गेला, बरं झालं. पन म्या तीनदा सांगितलं, म्हाराज. सरांना सांगितलं, वहिनीला सांगितलं, तुमाला तर वरडून सांगितलं. यवढं शिकल्याली मान्सं तुमी. माझं बोलनं तुमाला ऐकू येत न्हाई, का ऐकायचंच नसतंया? तेवढं सांगा. रातंदिस तेच इचार येत्यात."

मंडळी, मी आजवर शंकासमाधानं फार केली. आत्मा काय, माया काय, हातचलाखीनं उत्तरं दिली. आणि या बाईनं एक साधा प्रश्न विचारला. तिला काय सांगू? "ऐकू आलं होतं" म्हणू?

आज मंडपाच्या दारात तुम्ही परात घेऊन उभे होतात. मी पाय मागं घेतले. तुमच्यातले काही रुसले, "महाराजांना गर्व झालाय" म्हणाले. आलं माझ्या कानावर. गर्व नव्हे हो. तांब्यातलं पाणी पायावर पडायला लागलं की मला तो कट् ऐकू येतो.

आता तुमची पाळी. माना खाली घालू नका, वर बघा! दुपारी इथं महाप्रसाद झाला. चारशे पानं उठली. या कनातीमागं आत्ता, या क्षणी, सहा-सात बायका पातेली घासतायत. आवाज येतोय ना? मी बोलायला लागल्यापासून येतोय. मघाशी त्यातली एक कनात बाजूला करून काहीतरी सांगायला आली होती. मी इथून पाहिलं. पांढऱ्या टोपीतल्या तुमच्या कार्यकर्त्यानं हात वर केला — हा असा! — आणि ती परत गेली. काय सांगायचं होतं तिला? सिलिंडरचा वास येत असेल. पाणी संपलं असेल. काहीच नसेल, नुसतं "जेवायचं राहिलंय" म्हणायचं असेल. कुणाला ठाऊक आहे? बोला! एवढ्या मंडपात एकालाही ठाऊक नाही!

मंडळाचे अध्यक्ष, उठा. कार्यकर्त्याला पाठवू नका, तुम्ही स्वतः उठा. कनातीमागं जा, त्या बाईपुढं उभे राहा आणि विचारा, "बाई, काय म्हणत होतात?" आणि ती काय म्हणाली ते इथं येऊन मोठ्यानं सांगा, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

निरांजन पेटवू नका. टाळ खाली ठेवा. ती बोलेपर्यंत या मंडपात आरती होणार नाही.

जा. मी उभा आहे.