खोक्याची जागा

बसा की निवांत, पण त्या खोक्याला तेवढा हात लावू नका. का ते चहा होईस्तवर सांगतो.

तंबूतला सिनेमा बंद पडला तवा त्यातला मोठा लाऊडस्पीकर मी घरी आणला. सागवानी खोक्यात बसवून घराच्या पुढच्या सोप्याच्या कोपऱ्यात ठेवला. बायको म्हणाली, "आता पावणं आलं की ह्येच्यावर बसवायचं व्हय?"

त्येला ग्रामोफोन जोडून तबल्याची तबकडी लावली, तर तबला असा घुमाय लागला की बोलच कळंनात. शेवटी गल्लीतल्या हुसेनचाचांना बोलावलं. तबले मढवणं हाच त्यांचा पिढीजात धंदा.

चाचा म्हणाले, "मास्तर, कोपरा त्येला दाबतोय. भिंतीपासनं सोडवा." दोघांनी मिळून खोकं वीतभर ओढलं. आत गोधडी कोंबली. परत तबकडी लावली. मग अजून चार बोटं डावीकडं.

आणि एकाएकी खोकं नाहीसंच झालं बघा! जणू तबलजी आमच्याच सतरंजीवर बसून वाजवतोय. बायको पिठाच्या हातानं बाहेर आली.

चाचा मात्र पांढरेफटक. "परत लावा." लावली. "परत."

"चाचा, काय चुकलं काय?"

"चुकलं न्हाय. ह्या तबल्याच्या पुडीवरची काळी शाई माझ्या अब्बांनी घोटलीया, नाद वळखतो मी. त्यांचा हात हाय ह्यो."

अब्बांना जाऊन सहा वर्सं झालती. चाचांनी टोपी नीट केली आणि खोक्याला सलाम केला.

पुढं सोप्यात शहाबादी फरशी घातली. गवंडी म्हणाला, "खोकं जरा सरकवा."

आतनं बायकोच कडाडली, "फरशी भोवतीनं घाला. त्येला हात लावायचा न्हाय!"