तळ्यातल्या गाळाचे दोन अभिप्राय

सर : बैठकीला दहा मिनिटं आहेत, बाई, थोडक्यात सांगा. आपल्या संशोधनपत्रिकेत लेखकांची नावं झाकून लेख तपासायला द्यायचे, हा खेळ मी आज बंद करायला लावणार आहे. चाळीस वर्षं लेख तपासतोय मी. लेखक कोण, कुठल्या कॉलेजचा, यानं माझं मत तसूभर बदलत नाही.

कारकूनबाई : म्हणून तर बैठकीआधी गाठलं तुम्हाला. हे दोन अभिप्राय बघा. दोन्ही तुमचेच.

सर : हा गेल्या महिन्यातला. तळ्यातल्या गाळावरचा लेख. सुरेख काम होतं. ‘मोजमाप डोळ्यांत तेल घालून केलेलं आहे.’ अगदी.

कारकूनबाई : आणि हा दोन वर्षांपूर्वीचा. तेव्हा नावं झाकत नव्हतो आपण.

सर : ‘मोजमापावर विश्वास ठेवणं कठीण.’ हं. आडगावचं कुठलंसं कॉलेज होतं. यांच्याकडे धड वजनकाटा तरी असेल का, असं वाटलं असणार. पण त्याचं आता काय?

कारकूनबाई : लेख तोच आहे, सर.

सर : सुधारून पाठवला असेल. चुकतमाकतच शिकतो माणूस.

कारकूनबाई : मलाही तेच वाटलं. मग दोन्ही शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिली. लेखिकेनं सोबत पत्र जोडलंय. सगळा गाळ पुन्हा उपसला, पुन्हा मोजला म्हणे. दोन वर्षं गेली त्यात. आकडे होते तेच आले.

सर : (चष्मा काढून टेबलावर ठेवतात.) मुद्दाम नाही हो केलं मी.

कारकूनबाई : ते का मला ठाऊक नाही? तेव्हा फोन आला होता तिचा. नेमकं कुठे चुकलं, एवढंच विचारत होती. नियमात बसत नाही म्हणून मी गप्प बसले. मलाही टोचतंय ते.

सर : हे कागद बैठकीत मांडणार तुम्ही?

कारकूनबाई : छे. अभिप्राय तुमचे, तुमचं तुम्ही बघा. मला फक्त तिला होकाराचं पत्र धाडायचंय.

सर : दोन वर्षं चिखलात उभी राहिली ती. आणि मी चहा पिता पिता निकाल लावला होता. लाज वाटते, बाई. पत्रात एक ओळ घाला. पहिल्या वेळीही तिचं काही चुकलं नव्हतं.

कारकूनबाई : मग नाकारला का, असं विचारेल ती.

सर : विचारू दे. आधी आत जाऊन सगळ्यांना सांगतो, मग तिला मीच लिहितो.