बायकोवरून आलेला शब्द

दातांच्या दवाखान्यातल्या रिसेप्शनिस्टची नजर नोंदवहीत होती, पण कान समोरच्या बाकाकडे लागले होते. तिथे कालच निवृत्त झालेले इंग्रजीचे सर आणि गालाला रुमाल लावलेल्या त्यांच्या पत्नी बसल्या होत्या.

"निरोपाच्या भाषणात मुख्याध्यापक मला काय म्हणाले, ठाऊक आहे? अक्सोरियस!"

"शिवी आहे का हो?"

"अगं, जुना शब्द आहे. लॅटिनमध्ये उक्सोर म्हणजे बायको. बायकोवर वाजवीपेक्षा जास्त प्रेम करतो, तो अक्सोरियस."

"मग दुसऱ्या कुणाला म्हणाले असतील."

"माझ्याकडे बघून म्हणाले! शाळा सुटली की मी तडक घरी पळायचो ना."

"झोपायला पळायचात."

"तुला शब्दांचं कौतुकच नाही."

"बरं, नवऱ्यावर तसं प्रेम करणारीला काय म्हणतात?"

"मॅरिटोरियस. पण तो आता कुणी वापरत नाही."

"का?"

"गरजच पडत नसेल."

"काकू, तुमचा नंबर आला. दाढ कुठली, डावी का उजवी?"

"उजवी," सर चटकन म्हणाले.

रिसेप्शनिस्टने काकूंच्या डाव्या गालावरच्या रुमालाकडे पाहिलं.

"डावी लिही गं," काकू म्हणाल्या. "यांचं लॅटिन चांगलं आहे."