ऐकताना आवळलेले दात

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आमच्या कारखान्याचे माजी व्यवस्थापक आणि माझे जुने प्रतिस्पर्धी. व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आपल्या दातांच्या डॉक्टरबाई. दवाखान्यातल्या परिचारिका भगिनी. आणि या सभागृहात बसलेल्या, दात असलेल्या व नसलेल्या माझ्या सर्व बंधुभगिनींनो,

आधीच्या वक्त्यांनी बाईंचा वक्तशीरपणा सांगितला, हाताचा हलकेपणा सांगितला. मी त्यात भर घालणार नाही. मी साक्षीदार आहे आणि पुरावा तोंडात घेऊन आलो आहे.

मी कामगार संघटनेचा माणूस. माझी सगळी मिळकत या जिभेवर. त्या जिभेला एके दिवशी खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूला, डावीकडे, टणक उंचवटा लागला. अशा वेळी शहाणा माणूस काय करतो? डॉक्टरकडे जातो. मी पुस्तकं उघडली. वाचनाची खोड जुनी. खुर्चीतून न उठता मी माझं कर्करोगाचं निदान केलं, मनातल्या मनात अर्धा जबडा काढून टाकला आणि कायमचा मुका होऊन बसलो. मरणाची भीती नव्हती, असं नाही म्हणत. पण बोलता येणार नाही, ही भीती त्याहून मोठी होती. शेवटी आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "स्वतःचं वाईट वाचून झालं असेल तर चपला घाला."

बाईंनी हाडावरून बोट फिरवलं, एक्स-रे काढला, सर्जनकडे पाठवला. मग विचारलं, "उजवीकडची दाढ कधी काढलीत?"

"संपाच्या काळात."

"आणि नवी बसवली नाही?"

"संपात कोण दाढ बसवतं, बाई?"

"संप मिटून माझे केस पांढरे झाले."

त्यांनी दातांमध्ये निळा कागद धरला. "टक टक करा." केलं. कागद काढला, तर निळा ठिपका एकाच दाढेवर. शेजारची दाढ रिकाम्या जागेत कलली होती. तोंड मिटताना खालचा जबडा तिच्यावर आपटायचा आणि डावीकडे सरकायचा. त्यामुळे सगळं चावणं डावीकडे.

मित्रहो, आपण हाडाला दगड समजतो. केवढी चूक! हाड जिवंत असतं. ते सतत थोडं मोडलं जातं, थोडं बांधलं जातं, आणि कुठे किती बांधायचं हे बरंचसं त्याच्यावर पडणारा भार ठरवतो. ताण पडेल तिथे ते दाट होतं. दात जाऊन भार संपला, की तिथे खचतं. बाईंनी एक्स-रेमध्ये मला उजवीकडची खचलेली कड दाखवली, डावीकडचं दाट हाड दाखवलं. एक बाजू राबते आहे, दुसरी बसून आहे! जन्मभर ज्या अन्यायाविरुद्ध मी घसा फोडला, तो माझ्याच तोंडात चालू होता.

पण बाईंचं समाधान होईना. "असे उंचवटे पुष्कळांना असतात. काहींच्या घराण्यातच असतात. पण तुमच्या दातांची झीज सांगते की तुम्ही ते आवळता. चावण्याचा भार घटकाभर असतो, आवळणाऱ्याचा तासन् तास. कधी आवळता?"

"मी? मी तर दिवसभर बोलत असतो!"

"बोलताना दात आवळता येत नाहीत. म्हणून तर कोडं आहे. तुमच्या सभेला येते मी."

"सभेला कशाला?" आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या. "घरी या. मी बोलत असताना यांच्याकडे बघा."

पाळ्यांच्या वेळांवरून कारखान्याच्या जेवणघरात खुली सभा होती. बाई येऊन बसल्या. मी बोललो. चांगलं बोललो. अध्यक्ष महोदय मान हलवताहेत, आभारी आहे. मग ते स्वतः बोलायला उठले.

दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, "तुमचं भाषण मी ऐकलंच नाही, रागावू नका. मी तुमचा गाल बघत होते. तुम्ही बोलत होतात तोवर सैल. साहेब उठले आणि इथे स्नायूचा गोळा आला, तो ते खाली बसेपर्यंत हलला नाही. तुमचं दुखणं बोलण्याचं नाही, ऐकण्याचं आहे."

मी उत्तर देणार, तोच सर्जनचा फोन आला. बाईंनी ऐकून घेतलं, फोन ठेवला. "गाठ नाही. हाडच आहे, निरोगी हाड. कापायचं काही नाही."

मंडळी, मी रडलो. तोंडात कापसाचे बोळे, गळ्यात तो हिरवा रुमाल, आणि मी हमसून रडतो आहे. सौभाग्यवती स्वतः डोळे पुसत म्हणाल्या, "आता भाषण नको. जरा वेळ सुखानं गप्प बसा."

कललेली दाढ घासून बेतात आणली, रिकाम्या जागी दात बसला, झोपताना दातांवर घालायला पट्टी मिळाली. आणि दिवसासाठी एक नियम: ओठ मिटलेले, दात सुटे. पुढच्या सभेत मी तो पाळला. साहेब बोलत होते, मी दात सुटे ठेवून बसलो होतो, आणि काय सांगू, पहिल्यांदाच त्यांचं म्हणणं मला ऐकू आलं! त्यातलं निम्मं बरोबर होतं. निम्मंच, अध्यक्ष महोदय. पण त्या निम्म्यावर पाळ्यांचा प्रश्न सुटला. मी मवाळ झालो, असं कुणी समजू नये. माझी मतं जागच्या जागी आहेत आणि अन्याय दिसला तर आजही उठेन. फक्त समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत माझं हाड त्याची किंमत मोजत नाही.

उंचवटा अजून आहे, वाढत नाही. जीभ त्याला रोज भेटते आणि निर्धास्त परत येते. बाई, माझी वाचा माझ्याकडे राहिली, एवढं सांगायला आज मला ती वाचा आहे. याहून मोठे आभार मला मानता येत नाहीत. संयोजकांनी बोलायला उभं केलं, अध्यक्षांनी घंटा वाजवली नाही, दोघांचा ऋणी आहे.

बोलण्याच्या भरात काही कमीजास्त झालं असेल, तर पोटात घाला. आणि भाषण लांबलेलं मला कळतं आहे. इथून मला पुढच्या रांगेत दोनतीन गाल टणक झालेले दिसताहेत. त्यांची विशेष क्षमा मागतो. मी खाली बसतो आहे. सोडा आता दात.